पावसातल्या लग्नाचा फोटो

काच

पारूच्या घरातला लग्नाचा फोटो चोरीला गेला. चौकट गेली नाही, काच गेली नाही, भिंतीतला खिळासुद्धा हलला नाही. फक्त आतला फोटो गेला आणि त्याच्या जागी एकवीरा आई येऊन बसली.

ही त्र्याण्णवच्या चैत्रातली गोष्ट. तेव्हा बोईसरजवळच्या सरावलीत सोजराबाईंची पिठाची गिरणी होती. दुपारचा कारखान्याचा भोंगा झाला, की गिरणीपुढे डब्यांची रांग लागायची. बीडची ज्वारी, परभणीची बाजरी, बिहारी पोरांचा गहू, किनाऱ्यावरून आलेल्या पारूच्या घरचे तांदूळ. पीठ प्रत्येकाचं वेगळं निघायचं, बातम्या मात्र सगळ्यांच्या एकत्र दळल्या जायच्या. सोजराबाई बहात्तरच्या दुष्काळानंतर नवऱ्याबरोबर आल्या, नवरा गेला, गिरणी राहिली. हरवलेली वस्तू शोधण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. झुंबरची सायकल त्यांनी शोधली, बालवाडीच्या बाईंची कुडी शोधली. एकदा तर पळून गेलेला अख्खा जावई शोधून आणला होता.

त्या गुरुवारी पारू डबा घेऊन आली. सोजराबाईंनी डबा उचलला आणि खाली ठेवला.

"काय गं, रिकामा डबा दळायला आणलास व्हय?"

"पट्टा बंद करा मावशी. वरडून सांगण्यासारखं नाय."

पट्टा थांबला. पारूनं हळू आवाजात सगळं सांगितलं. रविवारी पोरीचा, लाडकीचा, साखरपुडा झाला तेव्हा फोटो होता. मग पाहुण्यांची भांडी, उसन्या सतरंज्या परत करणं, या गडबडीत वर कोण बघतो? आज जाळी काढताना केरसुणी वर गेली, तर आत देवी.

"देवूला विचारलंस? लाडकीला?"

"कुणाला नाय. तुमी बी इचारायचं नाय. पोरीला तर मुळीच नाय."

"अगं, तुझ्याच लग्नाचा फोटो. पोरीला विचारायची काय भीती?"

पारू उठली. उंबऱ्यापाशी थांबून म्हणाली, "त्यो फोटो चुकीच्या हातात पडला ना मावशी, तर माजी पोर मला परत आये म्हणायची नाय."

आणि गेली. डबा तिथंच राहिला.

फोटोत काय होतं (सोजराबाईंच्या आठवणीप्रमाणे)

नवरा: देवू. कोवळी मिशी, डोक्याला बाशिंग.

नवरी: मुंडावळ्या, मान खाली, निम्मा चेहरा सावलीत.

मागे: वाळूत रोवलेल्या काठ्या, आडव्या दोऱ्या, त्यांवर जोडीजोडीनं, जबड्यात जबडा अडकवून टांगलेले बोंबील. किती, ते मोजता येणार नाही इतके.

डाव्या कोपऱ्यात: एक कुत्रं. बोलावलेलं नव्हतं, तरी फोटोत आलेलं.

पुठ्ठा

डबा परत करण्याचं निमित्त चांगलं होतं. देवू कामावर होता, लाडकी शिवणाच्या क्लासला. सोजराबाईंनी चौकट उतरवून मांडीवर पालथी घेतली.

मागच्या पुठ्ठ्याचे बारीक खिळे उपसून काढले होते आणि जुन्याच भोकांत एकेक करून परत बसवले होते. एकही वाकडा नव्हता. देवी गेल्या वर्षीच्या कॅलेंडरातून कापलेली, कडा पट्टी लावल्यासारख्या सरळ. आणि चौकट टांगायची जुनी सुतळी, जी कुजून तुटायला आली होती, तिच्या जागी हिरवी नायलॉनची दोरी. तिची गाठ सोजराबाईंच्या नखाला दाद देईना.

"चोर म्हणावा, तर डागडुजी करून गेलाय," त्या म्हणाल्या. "भिंत मोकळी दिसू नये म्हणून देवी बसवून गेला. परक्या चोराला तुझ्या भिंतीची काय काळजी गं?"

 सोजराबाईंनी दोरीचं वाढीव टोक गाठीसकट कापून कमरेला खोचलं, आणि उरलेली दोरी साधी बांधून चौकट जागेवर लावली.

मग त्यांनी रविवार आठवायला घेतला. त्या स्वतः साखरपुड्याला होत्या. पाहुणे डहाणूकडच्या किनाऱ्यावरचे, मासेमारीवाले. जेवणं झाल्यावर कुणीतरी विचारलं, आणि पारू-देवूनं आपल्या लग्नाची गोष्ट सांगितली. सरावलीला ती गोष्ट पाठ होती. आषाढात, घाईघाईनं झालेलं लग्न. भर पावसात. मांडव गळतोय, भटजींची पोथी भिजलीय.

"अक्षता भिजून भात झाला," असं देवूनं म्हणायचं.

"आणि तोच पंगतीला वाढला," असं पारूनं म्हणायचं.

मग सगळ्यांनी हसायचं. अठरा वर्षं असंच चाललं होतं. कुणी विचारलंच, की फोटोत मग पाऊस कसा नाही, तर पारू सांगायची, "मधी उघडीप पडली व्हती."

त्या रविवारीही सगळे हसले. फक्त नवऱ्या मुलाची आजी, ठकीआजी, हसली नाही. ती काठी टेकत उठली, भिंतीपाशी गेली, काचेला नाक लागेल इतक्या जवळून फोटो पाहिला आणि म्हणाली, "बोंबील बरं सुकलंय." आणि येऊन बसली.

देवूच्या हातातून बशी निसटली होती.

तेव्हा सोजराबाईंना वाटलं होतं, बशी ओली असेल.

खिळे

शेजारचा पुंजाराम फिटर होता आणि रागावलेला होता. त्यानं भाच्यासाठी लाडकीला मागणी घातली होती. पारूनं चहा पाजून नकार दिला होता.

"पुंजाराम, रविवारनंतर देवूच्या घरात गेला होतास का रे?"

"मी कशाला जातो? नकार पचला नाही अजून."

"त्यांची एक वस्तू गेलीय."

"म्हणजे मी चोर? सोजरामाय, मला चोरायचंच असतं तर नवरदेव चोरला असता! वस्तूला काय करू?"

सोजराबाईंनी त्याच्या दाराकडे पाहिलं. सायकलचं कॅरिअर तारेनं बांधलेलं. बादलीची कडी तारेची. चपलेचा अंगठासुद्धा तारेनं शिवलेला. या माणसानं आयुष्यात कशाला दोरी लावली नव्हती.

"जाऊ दे. भाच्याला माझ्याकडं दळणाला पाठव, मुलगी मी बघते."

पुंजाराम लगेच निवळला. निवळल्यावर त्याला आठवलं. "देवूचं काहीतरी बिनसलंय बघा. सोमवारी अर्धी रजा टाकली. बोईसर स्टेशनजवळ बन्सीच्या फोटो स्टुडिओतून बाहेर पडताना मी पाहिलं. मला बघून उसाच्या रसवाल्याकडं वळला. रस पीत नाही तो. दात दुखतात त्याचे."

अठरा वर्षांत देवूनं अर्धी रजा टाकली नव्हती. लाडकीला गोवर आला तेव्हासुद्धा.

दोरी

बन्सी स्टुडिओत नोकरीच्या एका उमेदवाराचा पासपोर्ट फोटो काढत होता. उमेदवार श्वास रोखून बसला होता.

"देवू आला होता. फोटो पाहिजे म्हणाला, जोडप्याचा."

"मग? पोरीचं लग्न आहे, सांगितलं असेल."

"मीही तेच म्हटलं. वैशाखात येतोच आहे, तेव्हा काढू नवरानवरीचा." बन्सीनं कॅमेऱ्यावरचं काळं कापड बाजूला केलं. "तर मान हलवून म्हणाला, पोरीच्या लग्नाचा नाय. माज्या लग्नाचा."

उमेदवारानं श्वास सोडला. सोजराबाईंनी धरला.

बायडी

डहाणूकडची बायडी दर शुक्रवारी सुकी मासळी घेऊन सरावलीला यायची. गिरणीच्या ओट्यावर टोपली टेकवल्याशिवाय पुढं जायची नाही.

"घे गो सोजराबाय, करंदी घे."

"मी माळकरी. मला कशाला करंदी? ही गाठ बघ."

"जाल्याची गाठ ही. कुटं मिलाली?"

"म्हणजे कोण बांधतं?"

"ज्यानं जालं इणलंय त्यो. मासा सुटंल, पण ही नाय सुटायची. कारखान्यात वीस वरसं घातली तरी बोटं इसरत नाय बघ."

"बरं. दुसरं. बोंबील वाळत घालता ना, काठ्यांवर..."

"वलांडीवर."

"तेच. समज, लग्न आहे आषाढातलं. पाऊस लागलाय, मधे थोडी उघडीप पडली. मागं वलांडीवर बोंबील..."

"काय?"

"बोंबील. भरलेले. कडक वाळलेले."

"आषाढात?"

"व्हय."

"सोजराबाय, तुमच्या गावाला पावसात पापड वाळत घालतात काय गो? आषाढात होड्या वर ओढलेल्या असतात. दर्यात कुणी जात नाय, बोंबील येणार कुटून? नारळ वाहीपर्यंत नुस्त्या काठ्या. आमचं शेंबडं पोर बी सांगंल. कुणी सांगितलं तुमाला असलं?"

गिरणी चालू होती, पण सोजराबाईंना ती ऐकू येईनाशी झाली होती.

भिंत

शनिवारी दुपारी त्यांनी देवूला बोलावून घेतलं. जात्याच्या पाळ्यांना टाकी लावायची आहे, म्हणून गिरणी बंद, अशी पाटी दाराला लावली.

देवू पोत्यावर बसला. सोजराबाईंनी हिरव्या दोरीची गाठ त्याच्यापुढं ठेवली.

"ही तुझी. आता बाकीचं ऐक. तुमचं लग्न आषाढातलं. ते खरं आहे. खोटी गोष्ट इतकी वर्षं त्याच जागी हसून सांगता येत नाही. म्हणजे खोटा आहे तो फोटो. बोंबील थंडीतले नाहीतर उन्हाळ्यातले. पण फोटोत तू आहेस, बाशिंग बांधून. मग तू दोनदा बोहल्यावर चढलास. आणि मान खाली घातलेली ती नवरी पारू नाही."

देवूनं गाठ हातात घेतली.

"हिरू," तो म्हणाला. "पारूची मोठी बहीण. माघातलं लगीन आमचं. सव्वा वरसानं लाडकी झाली, आणि बाराव्या दिशी हिरू गेली. पावसाचं दिवस, होडी वर ओढलेली, आणि घरात बारा दिसाचं पोर. पारू बघायला आली, ती पोराला खाली ठिवीना. सासू म्हनाली, आषाढ असो का काय असो, लगीन उरका. पारू अठराची बी नव्हती. मी म्हटलं, तुला नको असंल तर सांग. तर म्हनाली, पोर माजं हाय, तुमी बरोबर आलात तर या."

सोजराबाईंना हसू आलं. ते त्यांनी पदरात लपवलं.

"सासूनं दोघांकडून शपथ घेतली. पोरीच्या कानावर सावत्र हा शब्द पडता कामा नये. सातपाटीत राहिलो असतो तर कुणीतरी बोललंच असतं. म्हनून होडीतला वाटा भावाला दिला आणि इकडं आलो. लग्नाचं वरीस तेवढं एक मागं ढकललं. मी पारूला म्हटलं, म्हयना बी बदलू, माघ सांगू. ती नाय म्हनाली. सगळं खोटं नको, म्हनाली. पाऊस तेवढा माजा हाय."

सातपाटीचा दर्या सोडून माणूस अठरा वर्षं कारखान्याच्या पत्र्याखाली उभा राहिला, याचा अर्थ सोजराबाईंना आत्ता लागत होता. दर पावसाळ्याच्या सुरुवातीला तो दोन दिवस कुणाशी बोलायचा नाही. त्यांनी त्याला सर्दीचा काढा पाठवला होता.

"सगळं पटलं. पण मग तो फोटो भिंतीवर लावायची काय गरज होती रे? ट्रंकेत ठेवला असता."

देवूनं वर पाहिलं. "ट्रंकेतच व्हता. तुमीच इचारलंत, मावशी."

"मी?"

"आलो त्याच दिवाळीत. नळावर. चार बायांम्होरं तुमी पारूला बोललात, लग्नाचा फोटो न्हाई? लगीन तरी झालंय ना गं? सगळ्या हसल्या. पारू घरी येऊन रडली. दुसऱ्या दिशी फोटो भिंतीवर लागला. बहिनीबहिनींचा चेहरा मिळताजुळता, आणि इथं बोंबलाचं कुणाला कळत व्हतं?"

सोजराबाई जात्याच्या कडेला टेकल्या. त्यांना तो दिवस आठवला. नवी आलेली, गोरीमोरी झालेली पोर. कडेवर पाच महिन्यांची लाडकी. आणि आपण, नळाचं पाणी येईपर्यंत वेळ जावा म्हणून बोललो होतो. चोरी सोमवारी झाली नव्हती. अठरा वर्षांपूर्वी झाली होती, आणि तेव्हा चोर नळावर हंडा घेऊन उभा होता.

"ठकीआजीनं पकडलं," देवू म्हणाला. "आषाढाची गोष्ट ऐकून बोंबील बघितले तिनं. मला वाटलं, लग्नात चार मान्सांत बोलंल. म्हनून सोमवारी फोटो काढायला बसलो."

"आणि लाडकी आली."

देवू चमकला.

"दाराशी येऊन उभी राहिली असणार," सोजराबाई म्हणाल्या. "पंधरा दिवस ती पोर आईशी भांडत होती, ती गंजकी पत्र्याची ट्रंक मी सासरी नेणार नाही म्हणून. आणि आता पाच दिवस झाले, पारू सांगते, पोर त्या ट्रंकेवर बसूनच जेवते. किल्ली गळ्यात. फोटो तिच्यात आहे. तू तिला सगळं सांगितलंस. आणि ती काय म्हणाली, ते मला कळत नाही. तेवढं एक कळत नाही. तोंडावर तर काही दिसत नाही पोरीच्या."

देवूनं तोंड उघडलं, तेवढ्यात दार ढकललं गेलं.

पारू होती. पाटी तिनं वाचली होती, आणि आतले आवाजही ऐकले होते. किती ऐकले, ते तिच्या चेहऱ्यावर लिहिलेलं होतं.

"पोरीला सांगितलंत?" ती नवऱ्याला म्हणाली. "आईची शपथ मोडलीत?"

"तिनं फोटो हातात बघितला, पारू. मला खोटं बोलता आलं नाय."

"पाच दिस झालं. पाच दिस ती मला..." पारू थांबली. तिला मोजायचं होतं. या पाच दिवसांत लाडकीनं तिला कशी हाक मारली होती? मारली होती का? तिला काही आठवेना. रोजची हाक कोण लक्षात ठेवतं?

हाक

"आये!"

बाहेरून आवाज आला. लाडकी डबा कडेवर घेऊन गिरणीच्या ओट्यावर उभी होती.

"आये, तू हितं हायस होय? मी सगळ्या चाळीत शोधतंय. तांदूळ दळायचं ना, उद्या भाकरीला पीठ नाय." मग तिनं तिघांची तोंडं पाहिली. "काय झालं? बाबा, तू सांगितलंस? मी सांगनार व्हते ना!"

 लाडकीनं डबा खाली ठेवला.

"आये, हिकडं बघ. हिरूमावशी माज्या ट्रंकेत हाय. माज्या साडीखाली. तिला मी बरोबर नेतंय. तिचं मानूस हितं एक मीच हाय, मीच न्यायला पायजे ना?"

तिनं मावशी म्हटलं होतं. पारू तिच्याकडे बघतच राहिली.

"बघतेस काय अशी? भिंत आता तुजी. बाबाला म्हटलं, आयेचा फोटो काढ. ह्यो गेला बन्सीकडं, आणि काय बोलला ते इचार त्याला. माज्या लग्नाचा काढ म्हनं! बन्सीला वाटलं, म्हातारा दुसरी करतोय."

"पाच दिस बोलली का नायस गो?" पारूच्या तोंडून एवढंच निघालं.

"तू लग्नात रडशील तवा सांगनार व्हते. एकदमच रडून झालं असतं."

पारूनं तिला मारायला हात उचलला. तो हात पोरीच्या पाठीवर गेला आणि तिथंच राहिला. सोजराबाईंनी उठून पट्टा चालू केला. जात्याच्या पाळ्या रिकाम्याच फिरू लागल्या. पण त्या आवाजात कुणाला कुणाचं रडणं ऐकू जाणार नव्हतं, आणि गिरणीवालीला तेवढंच करता येण्यासारखं होतं.

नंतर, डबा भरून झाल्यावर, त्या पारूला म्हणाल्या, "नळावर मी बोलले होते. मला माफी मागायची आहे."

"तुमी इचारलंत म्हनून हिरू अठरा वरसं भिंतीवरून पोरीला बघत राहिली, मावशी," पारू म्हणाली. "नायतर ट्रंकेत गुदमरली असती."

फोटो

वैशाखात लग्न झालं. ठकीआजीनं पारूचा हात धरून एवढंच विचारलं, "बोंबील काढलेस का गो भिंतीवरचे? बरं केलंस. मी काय बोललंय नाय कुणाला." बन्सी कॅमेरा घेऊन मागं लागला होता, ऊन छान आहे, जोडीनं उभे राहा. पारूनं ऐकलं नाही.

"उन्हात नाय," ती म्हणाली.

म्हणून आषाढात, एका रविवारी, बन्सी दोन छत्र्या, प्लॅस्टिकची पिशवी आणि भरपूर शिव्या घेऊन सातपाटीच्या किनाऱ्यावर उभा होता.

तो फोटो अजून त्या चौकटीत आहे. सरावलीत नवीन आलेलं कुणी विचारलं, की पारू तो दाखवते.

नवरा: देवू. पांढरी मिशी, केस कपाळाला चिकटलेले. कॅमेऱ्याकडे बघत नाही, समुद्राकडे बघतो आहे.

नवरी: पारू. पदर ओला, मान वर.

मागे: वर ओढलेल्या होड्या, रिकाम्या काठ्या, रिकाम्या दोऱ्या. बोंबील एकही नाही.

डाव्या कोपऱ्यात: मोडकी छत्री धरलेल्या सोजराबाई. त्या चौकटीत यायला नको होत्या. बन्सी म्हणाला, कापून टाकतो. पारूनं कापू दिलं नाही.